एडन ते ओसरी

ठाणे, माघ वद्य षष्ठी, दिवेलागणीला

दादा आज सकाळी आला. एडनहून मुंबई आगबोटीने आठ दिवस, तिथून ठाणे रेल्वेने दीड तास. आठवडाभर मी शाळेच्या नकाशावर दोरा लावून हेच मोजत होतो, कारण आई अंथरुणावरून रोज विचारी, "कुठवर आला रे?"

आणि आता आला, तर ओसरीवर बसला आहे. नाना त्याला आत घेत नाहीत. समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्त हवे, आणि ते देणारे उपाध्ये नाशकाला गेलेले. परवा येतील. आई परवापर्यंत राहील असे वैद्यांना वाटत नाही.

"मला का कळत नाही?" नाना म्हणाले. "पण जाताना तिला विटाळ नको." आणि तोंड फिरवून डोळे पुसले. वडिलांशी भांडावे तरी कसे?

पण मी काय केले? दादाचा हात धरून आत नेता आला असता. नाही नेला. भ्यालो. दोरा अजून खिशातच आहे. ओसरीपासून माजघर नऊ पावले, त्याला दोरा कशाला लागतो?

मघाशी दादा खोकला, लहानपणापासूनचा तोच कोरडा खोकला. आईने डोळे उघडले.

"कुठवर आला रे?"

नाना दारातच उभे होते. मी म्हणालो, "अजून बोटीतच आहे, आई."

तिने मान ओसरीकडे वळवली.

"मग इतक्या जवळून कसा रे खोकतो?"