ताईला बोलावणार नाही
३ फेब्रुवारी
सुलक्षणाताईला ग्लासगोला यायचंय. सहा महिने! आईच्या दिवसांनंतर माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि आता एकदम भावाची आठवण! पुण्याचं घर अजून दोघांच्या नावावर आहे — सही हवी असणार.
व्हिसासाठी स्पॉन्सर मी. तनू म्हणाली, ‘‘बाबा, मी सगळं भरलंय. तू फक्त साइन कर.’’ माझी ही मुलगी राहते तिकडे लंडनजवळ ब्रॅकनेलला, मग आत्या येण्याची हिला एवढी घाई का? केली सही. तेव्हापासून चैन नाही.

८ फेब्रुवारी
तनू न कळवता आली. किचनमध्ये आत्याशी फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी आत गेलो — गप्प!
‘‘काय चाललंय?’’
‘‘काही नाही बाबा. आत्याचा फोन होती.’’ इथे वाढली, तिचं मराठी असंच.
जाताना घराची एक किल्ली शेजारच्या नीनाला देऊन गेली. मला विचारायची पद्धत नाही?

९ फेब्रुवारी
गाडीची किल्ली नाही. तनूनेच नेली!

१४ फेब्रुवारी
ताईचा व्हिडिओ कॉल. ‘‘शशी, जेवलास? काय जेवलास?’’
‘‘जेवलो गं.’’
‘‘अरे पण काय?’’
पोलिसासारखी उलटतपासणी. मग म्हणे, बिलं कोण भरतं, बँकेचं कोण बघतं. म्हटलं, ‘‘तुला कशाला पंचायती?’’ हसली. लहानपणी काही लपवलं की अशीच हसायची.
म्हणजे नुसतं पुण्याचं घर नाही. हेही घर हवंय. तनूची आई, वरदा, असती तर तिने ताईला बरोबर ओळखलं असतं.

१९ फेब्रुवारी
केलं! व्हिसावाल्यांना ईमेल — या बाईंच्या खर्चाची, राहण्याची जबाबदारी मी घेत नाही, दिलेला पाठिंबा मागे घेतो. खाली डॉक्टर म्हणून पूर्ण नाव. एवढी वर्षं इथल्या हॉस्पिटलात काढली, मला काय कुणीही गुंडाळेल?
पाठवल्यावर हलकं वाटलं. मग उगाचच ताईचा चेहरा डोळ्यांसमोर. उठून रेडिओ लावला.

२६ फेब्रुवारी
तनूचा फोन. ‘‘आत्याची व्हिसा रिफ्यूज झाला. बाबा, तू काय केला?’’
सांगितलं सरळ. वाटलं होतं चिडेल. रडायला लागली. एवढं रडण्यासारखं काय आहे त्यात? कट फसला म्हणून?

२८ फेब्रुवारी
तनू आली. कोटही न काढता समोर बसली.
‘‘डिसेंबरमध्ये पोलिस तुला घरी घेऊन आला. स्लिपर्सवर होतास. त्यांना सांगत होतास, माझा राउंड आहे, पेशंट्स वाट बघतायत.’’
‘‘खोटं!’’
‘‘गाडीची किल्ली मी नेली, हो. तू चार वेळा हरवलास, बाबा. तुझी देखभाल करायला केअरर आणली, तिला तू बाहेर काढलास. मग आत्या म्हणाली, त्याला काही सांगू नकोस. मी पाहुणी म्हणून येते. पाहुण्याला शशी हाकलणार नाही.’’
मी म्हटलं, ‘‘मी डॉक्टर आहे. मला कळलं नसतं?’’
ती माझा हात धरून बसली, वरदा धरायची तसा. शिकवून पाठवलंय हिला. नीनाला विचारलं, तीही मान खाली घालून ‘‘हो काका’’ म्हणाली. तिलाही फितवलंय!
पण डिसेंबर आठवायला बसलो. ख्रिसमसला कोण आलं होतं? काय जेवलो? काही केल्या आठवेना.

२ मार्च
सकाळी धीर करून ताईला फोन लावला. म्हटलं, ‘‘चुकलो. परत अर्ज कर, मीच स्पॉन्सर होतो. ये तू.’’
 ताई अगदी हळू म्हणाली, ‘‘येते हं. शशी... हे तू मला कालही सांगितलंस.’’