आखाडात माहेरी गेलेल्या सुनेच्या मुदतवाढीबाबत

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
परदेशी नागरिक मुक्काम व मुदतवाढ कक्ष,
दालन क्र. ९, दुसरा मजला, कोल्हापूर.

अर्जदार : बायडाबाई हंबीरराव इंगवले, वय ५८, धंदा चटणी कांडप, रा. कळंबा, ता. करवीर, जि. कोल्हापूर.

विषय : अर्जदाराची सून मारिसेल आदर्श इंगवले ही देश सोडून गेली, हा आपल्या कार्यालयाने लावलेला शोध मागे घेऊन तिच्या मुक्कामास मुदतवाढ मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले नामंजुरीचे पत्र, दि. ११ ऑगस्ट २०२५.
२) अर्जदाराच्या मुलाचे तीन अर्ज, ज्यांना उत्तर नाही.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, यापूर्वीचे तीनही अर्ज अर्जदाराचा मुलगा आदर्श याने लिहिले होते. त्या तिन्हींत मिळून ‘कृपया’ हा शब्द एकोणीस वेळा आला आहे. अर्जदाराने तो मोजून घेतला. एवढ्या कृपयांनी आपल्या दालनातला कागद जागचा हलला नाही, सबब हा चौथा अर्ज अर्जदार स्वतः सांगत असून कचेरीबाहेर बसणारे टंकलेखक मुनव्वर तो टाइप करीत आहेत. अर्जदाराचे बोलणे सरकारी भाषेत बसवण्याची जबाबदारी त्यांची आहे. जेथे ते बसले नाही तेथे त्यांनी ते तसेच राहू दिले आहे.

२. आदर्श हा साखर कारखान्याची यंत्रे उभारण्याच्या कामावर दोन वर्षे फिलिपाईन्स देशात होता. तिकडेही ऊस पिकतो. परदेशातून येताना लोक घड्याळ आणतात, याने बायको ठरवूनच आणली. अर्जदार त्याच्याशी आठ दिवस बोलली नाही, हे ती लपवत नाही. नवव्या दिवशी सदर मुलगी कांडपात येऊन बसली आणि एका दुपारात पोतेभर लवंगी मिरचीचे देठ खुडून मोकळी झाली. डोळे चोळले नाहीत की एक शिंक दिली नाही. त्यानंतर अर्जदाराची हरकत संपली. कायद्याप्रमाणे नोंदणी होऊन दि. ९ फेब्रुवारी २०२५ रोजी कळंब्यात अक्षता पडल्या. दाखला सोबत आहे.

३. मारिसेलला आईवडील नाहीत. सांभाळणारी आजी होती, तीही लग्नाच्या आदल्या वर्षी गेली. मांडवात मुलीच्या बाजूला उभे राहायला माणूस नसावा, हे आमच्याकडे चालत नाही. अशा वेळी ओळखीतले एखादे घर तिला लेक मानते, तिच्या पाठीशी उभे राहते, आणि त्या दिवसापासून ते तिचे माहेर होते. याला कागद लागत नाही, माणूस लागतो. अर्जदाराचे कैलासवासी पती हंबीरराव यांचे जिवाभावाचे मित्र, शिरोळचे ट्रॅक्टर मिस्त्री इमाम मुजावर व त्यांची पत्नी हाफिजा यांनी मारिसेलला लेक मानले. नुसते नावापुरते मानले असते तर अर्जदाराचे बरेच श्रम वाचले असते. हाफिजाबाईंनी विहिणीचा मान अर्जदाराकडून लुगड्यापासून टॉवेल-टोपीपर्यंत वसूल केला, आणि पोरीला निरोप देताना अर्जदारास सर्वांदेखत बजावले, “हिच्या मागं कुणी न्हाय असं समजू नगासा, विहीणबाई. मी हाय.”

४. आखाड म्हणजे काय, हे कोल्हापुरात बसलेल्या कार्यालयास समजावून सांगावे लागेल असे अर्जदारास कधी वाटले नव्हते. लग्नानंतरच्या पहिल्या आषाढात नव्या सुनेने सासूचे तोंड पाहू नये, म्हणून तिला महिनाभर माहेरी धाडतात, आणि नवऱ्यानेही तेवढे दिवस तिकडे फिरकायचे नसते. का, ते अर्जदारास विचारू नये. अर्जदाराच्या सासूनेही सांगितले नव्हते. “आई, आता कोण पाळतंय हे?” असे आदर्श म्हणाला. अर्जदाराने ऐकले नाही. दि. २६ जून रोजी इमामभाई स्वतः गाडी घेऊन आले आणि सून कळंब्याहून शिरोळला गेली. अंतर पन्नासेक किलोमीटर. वाटेत विमानतळाचा फाटा लागतो, परंतु गाडी तिकडे वळली नाही, हे येथे मुद्दाम नमूद करण्यात येते.

५. दि. ८ जुलै रोजी आपल्याकडचे चौकशी कर्मचारी श्री. विश्वजित हे पती-पत्नी एकत्र राहतात काय ते पाहण्यास आले. दारातच शेजारी जोतीराम भेटले. त्यांनी विचारण्याच्या आधीच सांगून टाकले, “सून व्हय? ती गेली की माहेराला. आखाड हाय न्हवं.” श्री. विश्वजित कागलकडचे. त्यांना यात काही वावगे वाटले नाही, कारण वावगे काही नव्हतेच. आत येऊन अर्जदाराने तळलेल्या कापण्या खाताना ते म्हणाले, “माझी बी मुरगूडला गेलीया की, मावशी.” आणि त्यांनी अहवालात लिहिले : ‘सून आखाडानिमित्त माहेरी गेली आहे. बाकी ठीक.’ या संपूर्ण प्रकरणात शहाण्या माणसाने लिहिलेला एवढा एकच कागद आहे, आणि घोळ नेमका त्यावरच झाला.

६. तो अहवाल साहेबांच्या टेबलावर गेला. साहेब या भागातले नाहीत असे कळते. तो काही गुन्हा नव्हे. परंतु एखादी गोष्ट ठाऊक नसली तर शेजारच्या टेबलाला विचारता येते, शिपायाला विचारता येते, चहावाल्याला विचारता येते. साहेबांनी पासपोर्टला विचारले. पासपोर्ट फिलिपाईन्सचा, सबब माहेर फिलिपाईन्स. पासपोर्टवर देश सोडल्याचा शिक्का नाही, सबब सदर महिला विनापरवाना देशाबाहेर गेली. नवऱ्याला सोडून गेली, सबब ती त्याच्यासोबत राहत नाही. राहत नाही, सबब मुदतवाढ नामंजूर. आणि शेवटच्या ओळीत आज्ञा अशी की, सदर महिलेने ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत भारत देश सोडावा. जी आधीच गेली तिने आणखी कुठे जावे, याचा खुलासा पत्रात नाही. अर्जदाराने ते पत्र तीनदा वाचून घेतले. चौथ्या खेपेस मुनव्वर यांना हसू आवरेना म्हणून थांबवले. अर्जदारास हसू आले नाही.

७. म्हणून दि. १८ ऑगस्ट रोजी मुलगा, सून व अर्जदार असे तिघे आपल्या दालनात हजर झाले. खिडकीवरचे लिपिक गणपतराव यांनी फाईल उघडली. त्यांनी सुनेकडे पाहिले, फाईलकडे पाहिले, पुन्हा सुनेकडे पाहिले. सून त्यांना म्हणाली, “मी हितंच हाय की, काका.” गणपतराव माणूस वाईट नाही. ते म्हणाले, “दिसतंय वो ताई. पर फायलीत तुम्ही गेलाय. परत आल्याचा शिक्का दावा, लगेच आत घेतो.” जी गेलीच नाही तिने परतीचा शिक्का कोणत्या दुकानातून आणावा, असे अर्जदाराने विचारले. त्यावर आतल्या खोलीतून तोडगा निघाला तो असा : सुनेने एकदा मनिलाला जाऊन नव्या व्हिसावर परत यावे, म्हणजे फाईल सरळ होईल. सरकारची फाईल खरी ठरावी म्हणून आमच्या घरच्या माणसाने समुद्र ओलांडायचा, असा हा तोडगा. त्यावर अर्जदार दालनात जे बोलली त्याबद्दल आपल्या कार्यालयाने दिलगिरी मागितली आहे. ते शब्द मुनव्वर यांनी येथे टाइप करण्यास नकार दिला. दिलगिरी देण्यास अर्जदाराचा नकार आहे.

८. त्याच दिवशी तोंडी तीन कागद मागण्यात आले. मुजावर दांपत्याने मारिसेलला दत्तक घेतल्याचे पत्र. ते नाही आणि असणार नाही, सव्वीस वर्षांच्या बाईला कोणी मांडीवर घेत नसते. दुसरा, सून आषाढात माहेरी पाठवण्याबाबतचा शासन निर्णय. तो कोणत्या शासनाने काढला हे अर्जदाराच्या खापरपणजीस ठाऊक असावे, तिला पत्र धाडायचे तर पत्ता आपण द्यावा.

तिसरा कागद, २६ जून ते २४ जुलै या काळात पती-पत्नी एकत्र असल्याचा पुरावा. याबाबत सत्य सांगण्यात येते. आखाडातल्या प्रत्येक रविवारी आदर्श “जरा ट्रॅक्टरचं काम हाय” म्हणून मोटारसायकल काढून शिरोळला जात होता. आमच्या घरी ट्रॅक्टर नाही. अर्जदारास सगळे समजत होते, समजले नाही असे अर्जदाराने दाखवले. हाफिजाबाईही त्यात सामील होत्या. जावयाला कोंबडी केल्याचे त्यांनी नंतर स्वतःच कबूल केले. एका रविवारी रस्त्यावर पाणी आले आणि त्यास तिथेच मुक्काम पडला. आता सोबतचा सोनोग्राफीचा अहवाल पाहावा. सुनेस अकरावा आठवडा चालू आहे. डॉक्टरांनी मागे मोजून जे दिवस सांगितले ते भर आखाडात पडतात. सबब पती-पत्नी त्या महिन्यात एकत्र नव्हते, हे आपल्या कार्यालयाचे म्हणणे टिकत नाही. अर्जदाराची रीतही टिकली नाही, पण ती लाज अर्जदार आपल्या घरात सोसेल. याहून ठोस पुरावा पाहिजे असल्यास साहेबांनी चैत्रापर्यंत थांबावे.

९. इथवर अर्जदार रागाने बोलली. पुढचे भीतीने आहे.

तीस तारखेस पंधरा दिवस उरले. सुनेला जिथे जा म्हणून आपण लिहिले तिथे तिचे घर उरलेले नाही. आजीच्या खोलीत दुसरी माणसे राहतात. सकाळी उलटी झाली तर तिच्या पाठीवरून हात फिरवणारे तिथे कोणी नाही. आदर्शने सोबत जावे तर त्यालाही तिथे असाच एक साहेब लागणार. गेले आठ दिवस सुनेची बॅग पलंगाखाली अर्धी भरलेली आहे. ती भरतही नाही आणि रिकामीही करत नाही. परवा देठ खुडता खुडता तिने विचारले, “आई, माझं कुठं चुकलं?”

चूक सुनेची नाही. विश्वजित यांचीही नाही आणि जोतीराम यांची जीभ तर पूर्वीपासूनच तशी आहे. मुलाचे ऐकले असते तर आठ जुलैला सून दारातच उभी सापडली असती. कापण्याही तिनेच वाढल्या असत्या. तिला अर्जदाराने धाडले. तिची इच्छा नव्हती, तिला ती रीत कळलीही नव्हती, फक्त अर्जदाराच्या शब्दाखातर ती गेली. ही चूक अर्जदार येथे लेखी देत आहे. अठ्ठावन्न वर्षांत अर्जदाराने चूक लेखी दिल्याची ही पहिली वेळ आहे, आणि तीही कोणासमोर, याचे अर्जदारास वाईट वाटते.

१०. सबब विनंती की, साहेबांनी फाईल जरा मिटावी, मान वर करावी, सून भारतात आहे हे मान्य करावे आणि तीस तारखेच्या आत मुदतवाढ द्यावी. नाकारायचीच असेल तर कारण गोलगोल लिहू नये. ‘सासूने आखाड पाळला म्हणून’ एवढेच मराठीत, सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे. तो कागद कांडपाच्या दारावर लावण्यात येईल. चटणीला तीन तालुक्यांच्या बायका येतात, त्या वाचतील.

आणखी एक आताच कळवून ठेवण्यात येते. पहिले बाळंतपण माहेरी करतात. हाफिजाबाईंनी त्यासाठी खोलीला रंग काढायला घेतला आहे आणि त्या कोणाचे ऐकणाऱ्यांतल्या नाहीत. सून तेव्हा शिरोळला असेल. आपला माणूस त्या दिवसांत कळंब्याला आला तर त्याने पुढे पन्नास किलोमीटर जावे, गरम गरम जेवावे आणि तिला पाहून यावे.

आपली
(येथे ‘नम्र’ हा शब्द असतो. अर्जदाराने तो टाइप करू दिला नाही. — मुनव्वर, टंकलेखक)

सही/-
बायडाबाई हंबीरराव इंगवले
कळंबा, दि. १५ सप्टेंबर २०२५

सोबत :
१. आपले दि. ११ ऑगस्टचे पत्र, छायांकित प्रत.
२. विवाह नोंदणीचा दाखला, छायांकित प्रत.
३. इमाम व हाफिजा मुजावर यांचे लेखी निवेदन, एक ओळ : ‘मारिसेल आमची लेक हाय.’ दोघांच्या सह्या.
४. सोनोग्राफीचा अहवाल, छायांकित प्रत.
५. मारिसेल आदर्श इंगवले, मूळ प्रत. दालनाबाहेरच्या बाकावर सकाळी दहापासून बसलेली आहे. साहेबांनी स्वतः बाहेर येऊन पडताळून पाहावी व अर्जदारास परत करावी.