संदर्भसूचीतला मानपान

बूढ़ापारा, रायपूर (राजधानी)

ती. श्यामराव भाऊजी यांच्या चरणी धाकटा मेहुणा रत्नाकर देवपुजारी याचा साष्टांग नमस्कार. वनमालाताईलेही माझा नमस्कार सांगावा. तुमचा गुडघा कसा आहे? ताई म्हणत होती की डॉक्टरनं जिने चढू नका म्हणल्यापासून तुम्ही मुद्दाम गच्चीवर जाऊन राहिले. (जाऊ नका. नागपुरात गच्चीवरून पाहण्यासारखं काही नाही.) इकडे पद्मिनी बरी आहे, तब्येतीनं मीही बरा आहे, फक्त डोकं ठिकाणावर नाही. त्याचं कारण एक स्वल्पविराम आहे. फोन काहून नाही केला म्हणाल, तर फोनवर तुम्ही समोरच्याले बोलू देत नाही. राग मानू नका, पण आहे ते आहे.

तर आपली अनुश्री यंदा एम.ए.च्या शेवटच्या वर्षाले आहे आणि तिले शोधनिबंध द्यायचा आहे. विषय काय, तर विदर्भातून रायपूरले आलेली मराठी घरं, राजधानी होण्याआधी आणि झाल्यानंतर. या विषयातलं माझ्यापेक्षा जास्त कोणाले माहीत असेल तर तो माणूस आता हयात नसेल. महिनाअखेरपर्यंत तिच्या मॅडमची सही झाली तर पोट्टीले पीएचडीच्या परीक्षेले बसता येते, नाही तर वर्ष पाण्यात. लिहिलं तिनं हिंदीत. (घरात मी जन्मभर मराठीत विचारून राहिलो आणि ती जन्मभर हिंदीत उत्तर देऊन राहिली, दोघांपैकी कोणीही हार मानली नाही.) सगळं लिहून झालं होतं, शेवटी पुस्तकांची यादी तेवढी उरली होती. तिले संदर्भसूची म्हणतात. मी म्हणलं, आण इकडे, नावांची यादीच ना? इथल्या मराठी मंडळात एकही लग्नपत्रिका माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नाही, हे तुम्हाले ठाऊकच आहे. कोणाचं नाव वर घ्यायचं, कोणाले 'आपले नम्र'मध्ये बसवायचं आणि कोणाच्या पोट्ट्यांले 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'च्या ओळीत कोंबायचं, यात माझा हात धरणारा अख्ख्या रायपुरात नाही. तुमच्याच घरच्या लग्नात मी तुमच्या चुलत्यांचं नाव एक ओळ वर घेतलं म्हणून ते मांडवात तरी आले.

मी एक रविवार खर्च करून यादी लावली. वयोवृद्ध लेखक वर, त्यांच्या खाली मध्यमवयीन, तरुण मंडळी शेवटी. प्रत्येकाच्या आधी श्री., श्रीमती, प्राध्यापक, जो ज्याचा मान तो. जे गेले त्यांच्या आधी स्व. एका पुस्तकाचा कागद फारच पिवळा होता, छपाई जुनी, मी म्हणलं हे गृहस्थ काही आता राहिले नसतील, तर त्यांलेही स्व. लावलं. भाऊजी, ते निघाले मॅडमचे गुरू. रोज सकाळी तेलीबांध्याच्या तळ्याभोवती फिरतात, चांगले खणखणीत आहेत म्हणे. आता पुस्तक इतकं पिवळं पडेस्तोवर लेखकानं जगायचं, आणि दोष मले!

यादी परत आली. अशी लाल की पोळ्याच्या बैलाले एवढा रंग लावत नाहीत. मॅडमचं नाव शर्मिष्ठा, वय आपल्या अनुश्रीपेक्षा काही फार जास्त नसेल, पण राजधानी झाल्यापासून या शहरात जो तो दिल्लीहून शहाणा होऊन येऊन राहिला. तिचे नियम ऐका. आडनाव आधी. (हजेरीपटावर घेतात तसं.) मग स्वल्पविराम. मग नावाचं फक्त पहिलं अक्षर, म्हणजे आईबापानं बारसं करून, पेढे वाटून ठेवलेल्या नावाचा एवढासा तुकडा. मग कंसात साल, मग तिरक्या अक्षरात पुस्तकाचं नाव. ते तिरकं काहून, हे मी विचारलं तर अनुश्री म्हणे, "पापा, ऐसा ही होता है." श्री. नाही, राव नाही, काही नाही. लेखक जास्त असले तर पहिल्याचं नाव घ्यायचं आणि बाकीच्यांले 'व अन्य' म्हणून ढकलून द्यायचं! पत्रिकेत असा 'व अन्य' केलेला माणूस आपल्याकडे तीन पिढ्या पंगतीले बसणार नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे यादी अक्षरक्रमानं लावायची. काल मिसरूड फुटलेला कोणी 'अ'वाला वर, आणि ज्यांच्या पायाशी बसून लोक शिकले ते बिचारे 'ह'वाले पार तळाशी! याले शिस्त म्हणायची तर आगगाडीच्या जनरल डब्यालेही शिस्तच म्हणा. मी रेल्वेच्या दफ्तरात आयुष्य काढलं, साहेबांच्या चिठ्ठ्या सुधारल्या, पण माणसाची अशी बेअदबी करणारा मसुदा कधी पुढे जाऊ दिला नाही.

पण हेही मी गिळलं असतं. खरी आग पुढे आहे. अनुश्रीनं निबंधात एक वाक्य लिहिलं होतं की राजधानी होण्याआधी नागपूर-अमरावतीकडून बदली होऊन कोणी आलं की स्टेशनवरून सरळ बूढ़ापाऱ्यातल्या ओळखीच्या मराठी घरी उतरायचं, भाड्याचं घर मिळेस्तोवर तिथेच जेवायचं-झोपायचं, आणि आता लोक आधी तेलीबांध्याले फ्लॅट घेतात आणि मग ओळख काढतात. सोळा आणे खरं वाक्य. त्यावर बाईनं लाल शाईनं लिहिलं, "स्रोत?" अरे, स्रोत म्हणजे काय? स्रोत मी! ते घर माझं होतं! त्या सतरंज्या माझ्या होत्या! अनुश्री म्हणाली, "पापा, 'पिताजी कहते हैं' नहीं चलता." ज्या बापाच्या बैठकीत अर्धा विदर्भ घोरून गेला त्याचं म्हणणं चालत नाही, आणि कोणत्या तरी पिवळ्या पुस्तकात छापलेलं चालते. मले फार लागलं, भाऊजी. त्या दिवशी मी जेवलो नाही. (संध्याकाळी पोहे खाल्ले, पण ते जेवणात धरत नाहीत.)

त्यानंतर पोट्टीले जरा बापाची कदर आलेली दिसते. काल चहा घेऊन समोर येऊन बसली आणि म्हणाली, "वो स्टेशन वाली बात फिर से बताओ ना, पापा." मी पहिल्यापासून सांगितलं. कोण आलं, कोण किती राहिलं, कोणाची पोरं इथेच शाळेले लागली. मोबाईल समोर ठेवला होता तिनं, म्हणजे अर्धं लक्ष त्यातच असणार, आजकालच्या पोरांचं असंच. पद्मिनी उगीच मधे मधे बोलत होती, की तुम्ही सतरंज्यांचं काय सांगता, त्या टाकायची कोण, आणि पहाटे उठून पाहुण्यांच्या डब्याच्या पोळ्या लाटायची कोण. अशानं माणसाची लिंक तुटते. तरी मी सांगत राहिलो. फार दिवसांनी बरं वाटलं.

असो. गुडघ्याले तेल लावत जावं, मोठ्यांले नमस्कार, लहानांले आशीर्वाद, आणि मानात कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं, कारण मान नावाची गोष्ट आता तुमच्या-माझ्या पत्रातच उरली आहे.

तुमचा,
रत्नाकर

ता.क. एक लहानशी विनंती राहिली. तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता ना, की छत्तीसगडातल्या आपल्या लोकांवर तुमचं पुस्तक लिहून होतच आलं आहे? 'स्रोत?'चा राग आला त्या दिवशी मी अनुश्रीच्या नकळत यादीत ते पुस्तक घातलं. तुमचं नाव, पुस्तकाचं नाव, पान एकशे बारा. नियमानं घातलं, आडनाव आधी, स्वल्पविराम, सगळं. आता मॅडम म्हणतात, सोमवारी यादीतलं एकेक पुस्तक आणून दाखवा. तरी सोमवारच्या आत ते पुस्तक लिहावं. सगळं नाही जमलं तर निदान एकशे बारावं पान लिहावं. स्टेशनचं वाक्य मी सोबत जोडलं आहे, ते जसंच्या तसं त्यात यावं. कागद पिवळा मिळाला तर उत्तम.

ता.क. दुसरा. पत्र अजून टाकलं नव्हतं ते बरं. पुस्तक लिहू नका. अनुश्रीनं तुमचं नाव यादीत पाहिलं, माझ्याशी दिवसभर बोलली नाही, आणि ते काढून टाकलं. (वाईट वाटून घेऊ नका. पुस्तक आलं की पुढच्या वेळी घालू.) चहा घेऊन बसली होती ते बोलणं म्हणजे मुलाखत होती म्हणे. मोबाईलमध्ये सगळं भरून घेत होती. नाव, गाव, तारीख असली की बापाचं बोलणंही स्रोत होते, एवढंच मॅडमचं म्हणणं होतं. हे आधी सांगायचं ना! काल सही झाली. यादीची झेरॉक्स सोबत पाठवतो आहे. त्यात 'देवपुजारी, र.' असं आहे. ना श्री., ना राव. मी बरेचदा वाचलं, वाईट दिसत नाही. ताईले वाचून दाखवा, शेजाऱ्यांलेही दाखवा. माझ्या वरच्या ओळीत 'देवपुजारी, प.' आहे, ती पद्मिनी. तिचीही मुलाखत धरली. ती कालपासून घरात फार ताठ चालून राहिली. कोणी विचारलं की बायकोचं नाव नवऱ्याच्या वर कसं, तर स्पष्ट सांगा की यादी अक्षरक्रमानं आहे, त्यात मानाचा काही प्रश्न नाही, शास्त्रशुद्ध पद्धत तीच आहे.