टांगेवाला म्हादू

म्हादू, माझ्या लेका,

हरेश्वराला देवाला गेले, तर बोटीनं आलेल्या मुंबईच्या हौशी माणसांना तू वाळूवर टांग्यातून फिरवत होतास. म्या झटकन पदर तोंडावर ओढला. "आजी, बसता का?" म्हणालास. आईला आजी म्हणतोस, मुडद्या!

रुसून गेलास, वर्षानुवर्षं ठावठिकाणा न्हाई, म्हणून आमी दर्भाचा पुतळा जाळून तुझं तेरावं घातलं. मग तुझ्या बायकोचा, बनाचा पाट तुझ्या धाकट्या भावाशी, गेनूशी लावला. आता कुठं ती हसायला लागलीय, कडेवर पोर आहे. तुला हाक मारली असती, तर तिनं कुंकू कुणाचं लावायचं?

हे मास्तरांकडून लिहून घेतलं, पण टपालात न्हाई, चुलीत घालीन. लई वाळलायस, तिकडं पोटभर जेवत जा. हितं म्हाळाला तुझं पान म्या कावळ्यालाच वाढणार.

न बोलता परतलेली तुझी आई,
साळूबाई, वेल्हे