'दुखरी नस' नावाचा रकाना

३ तारीख
नोकरी लागली! प्रचार कार्यालय, तिसरा मजला, खिडकीजवळची खुर्ची, चहा फुकट. आईला कळवलं तर म्हणाली, निवडणूक संपल्यावर काय करशील? दुधात मिठाचा खडा टाकल्याशिवाय तिला चैन पडत नाही. एकटीच राहते, मग माझीच काळजी करत बसते. काम सोपं आहे. मतदारयादीत प्रत्येकापुढे रकाने: वय, औषधं, घरातली भांडणं आणि शेवटी 'दुखरी नस'. दुकानांकडून, दवाखान्यांकडून माहिती विकत मिळते, मी भरते. साहेब पूर्वी मास्तर होते, म्हणून सगळे त्यांना गुरुजी म्हणतात.

७ तारीख
४११ क्रमांकाच्या आजी कुणालाच मत देणार नव्हत्या. त्यांचा मुलगा नऊ वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. मी त्याच्या जुन्या व्हिडिओवरून संगणकाकडून हुबेहूब आवाज बनवून घेतला आणि फोन लावला: आई, मी याच पक्षाचं काम करतोय, यांना मत दे, मी घरी येतोय. आजी ढसाढसा रडल्या. गुरुजींनी माझी पाठ थोपटली. स्वारी खूश!

११ तारीख
आजी गेल्या. फोन आल्यापासून दार उघडं टाकून जिन्यात वाट बघत बसायच्या. तोल गेला. गुरुजी म्हणाले, एक मत गेलं, नाव काढ. काढलं. मी काय ढकललं का त्यांना?

१३ तारीख
४११ परत यादीत. तीनदा काढलं, तीनदा आलं. पण नाव आजींचं नाही, माझं. पुढे लिहिलंय: सहावीत प्रगतिपुस्तकावर आईची खोटी सही केली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. 'दुखरी नस' अजून रिकामी. शेऱ्यात एवढंच: एकेकाला बघते.

१४ तारीख
गुरुजी आले नाहीत. चार वर्षांपूर्वी वारलेल्या बायकोचा फोन आला म्हणून पहाटे अनवाणी निघाले. दुपारी विहिरीत सापडले. मला भीती वाटतेय. खूप.

१५ तारीख
रकाना भरला. 'आई.'
तिचा फोन व्यस्त. पाऊण तास व्यस्त— मी बसमध्ये आहे. अजून दोन तास. आजी, चूक माझी आहे, आईला सोडा—
आईच्या शेजारच्या काकूंना फोन लागला. म्हणाल्या, अगं, आई तुझ्याशीच तर बोलतेय, तू खाली आलीयस म्हणून जिन्याकडे धावली. मी ओरडले, धरा तिला—
काकू तिच्यामागे धावल्या. फोन चालूच. आणि त्यातून माझाच आवाज, लाडीगोडीचा: आई, अंधार असला तरी ये, मी इथेच—