माझ्याकडे उघडत नाही, तुमच्याकडे बघा

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५
आमच्या वाचनालयाचे सेक्रेटरी राजाराम मांजरेकर आज पुन्हा मागे लागले! ‘‘नूपुर, मेल तपासणारं काहीतरी टाक गं.’’ मी म्हटलं, ‘‘सर, आपल्याकडे लिनक्स आहे. व्हायरस फिरकतसुद्धा नाही.’’ दोन वर्षं हेच ऐकवतेय. अख्ख्या लालबागमध्ये मीच काय ती शहाणी!

दुपारी दिवाळी अंकांची यादी मेलवर आली, कुठल्याशा वितरकाकडून. फाइल उघडेना. काउंटरवर अंकांसाठी ही गर्दी! तशीच त्रेसष्ट सभासदांना पुढे ढकलली. वर लिहिलं — ‘माझ्याकडे उघडत नाही, तुमच्याकडे उघडते का बघा.’

मंगळवार, ४
आमचे जुने सभासद हेमचंद्रकाका, त्यांचा फोन. ‘‘अगं, लॅपटॉपवर लाल पाटी आलीय. काहीच उघडत नाही.’’ धावत गेले. सगळ्या फाइलींना कुलूप! प्रती ठेवलेला पेनड्राइव्ह लॅपटॉपलाच लावलेला, तोही गेला.

नऊ वर्षं काका लिहीत होते — गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या इथल्या खाणावळवाल्या बायकांवर. घरोघर जाऊन विचारलेलं. त्यातल्या बऱ्याचजणी आता नाहीत.

‘‘काय उघडलंत, काका?’’
‘‘तुझी यादी. बाकी काही नाही, शपथ!’’

मीच शिकवलं होतं ना — अनोळखी मेल उघडायची नाही, वाचनालयाची असेल तरच उघडा!

बुधवार, ५
बाकीच्यांना काही झालं नाही, त्यांनी मोबाइलवर बघितलं. विंडोजचा लॅपटॉप एकट्या काकांचा. सगळ्यांना मेल टाकली — ‘ती यादी उघडू नका, काढून टाका.’ का, ते लिहिलं नाही. भित्री कुठली!

शनिवार, ८
कमिटीची मीटिंग. मांजरेकर म्हणाले, ‘‘म्हातारी माणसं, भलतंसलतं उघडतात.’’ काका शेजारीच. म्हणाले, ‘‘हो, माझाच गाढवपणा.’’ यादीचं नावही काढलं नाही! मी चहा पीत बसले. वर बिस्किटही खाल्लं. लाज कशी नाही वाटली मला?

सोमवार, १०
काका काउंटरशी आले. ‘‘पुन्हा लिहायला घेतोय. जाईबाईचं प्रकरण तुला आवडलं होतं ना? त्यातलं काय आठवतं तुला? बाई तर गेली, आता विचारू कुणाला?’’

मी कधी वाचलं? धक्क्याने काकांचा गोंधळ उडालाय बहुतेक. ‘‘आठवून सांगते,’’ म्हटलं. आता खोटं बोलायची सवयच लागली.

मंगळवार, ११
मेल तपासणारं सॉफ्टवेअर शेवटी टाकलं. फुकट मिळतं, वीस मिनिटांचं काम! दोन वर्षांत ती वीस मिनिटं मिळाली नाहीत मला. आपल्या मशीनला बाधत नाही ना, मग झालं. दुसऱ्याच्या घरात काय घालतोय याचा विचारच नाही!

सगळी पेटी तपासायला लावली. व्हायरस एकच सापडला. वितरकाच्या मेलमध्ये, आणि मी पुढे ढकललेल्या मेलमध्ये.

पण ‘नंतर बघू’ या फोल्डरवर ते बराच वेळ अडलं. त्यात फक्त काका. रोज चार-चार सुप्रभात पाठवतात, फुलं, सुविचार. वैतागून मीच त्यांच्या सगळ्या मेल परस्पर तिकडे वळवल्या होत्या. फुलांना एवढा वेळ कशाला लागतोय म्हणून बघायला गेले. काही मेलना फाइली जोडलेल्या.

खाणावळ १. खाणावळ २. जाईबाई. थेट अकरापर्यंत!

काका विचारायचे, ‘‘वाचलंस का गं?’’ मला वाटायचं, सुविचार. मी म्हणायचे, ‘‘हो काका, मस्त!’’ आपण पाठवलेल्याची प्रत आपल्या मेलमध्येही राहते, हे त्यांना ठाऊक नाही. लॅपटॉप गेला म्हणजे सगळंच गेलं, एवढंच त्यांना कळतं.

अकराच्या अकरा साबूत. त्यांनी माझी मेल आली तशी उघडली. मी त्यांची एकही नाही.

बुधवार, १२
रात्री सगळी वाचली. अकराव्या मेलमध्ये वर एकच ओळ — ‘नूपुर, तू वाचतेस म्हणून लिहिणं होतंय.’

अकराही प्रकरणं नव्या पेनड्राइव्हवर घेतलीत. निघाले. आधी माझं सांगणार, मग तो हातात देणार.