दिवसाढवळ्या परत आलेलं आंदण

माय,

उद्या मी पवनीला राहायला जाते आहे. दवाखान्याजवळ दोन खोल्या मिळाल्या, नळाला पाणी आहे, मागे चार झाडं लावता येतील एवढी जागा आहे. सकाळी पिकअप येईल. दुपारपासून मी एकटीच बांधाबांध करून राहिली आहे आणि त्या लोखंडी आलमारीनं पुन्हा एकदा माझी कंबर मोडली. ही आलमारी नाही, म्हैस आहे म्हैस! तुला किती वेळा म्हटलं होतं मी, लग्नात लाकडाची घे, हलकी घे. तू म्हणायचीस, "लाकडाले वाळवी लागते." वाळवी लागली असती तर बरं झालं असतं, निदान उचलता तर आली असती. गावातले सगळे येऊन विचारून गेले, आता या वयात गाव कायले सोडते. तू असतीस तर तसं विचारलं नसतंस. तू विचारलं असतंस, गाडी किती वाजता येते. लाखांदूरकडून पवनी म्हणजे तासाभराचा रस्ता, त्याचं काय एवढं. पण ओसरीत गाठोडी रचून बसले आणि आपल्या दोघींचा तो पुण्याहून गावापर्यंतचा रस्ता आठवला. मग हात कामाला लागेचना.

तुला फोन केला होता तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी पुण्याच्या घराच्या गच्चीवर उभी, खाली हायवेवर गाड्या वाहतायत, आणि मी तुला सांगते आहे की माय, यानं दुसरा संसार मांडला आहे, सगळ्यांना ठाऊक होतं, मलाच शेवटी कळलं, आणि आता मी इथं राहणार नाही. मला वाटलं तू रडशील. किंवा सगळ्यांच्या आया म्हणतात तसं म्हणशील, थोडं सांभाळून घे. तिकडे तू कोंबड्या हाकललेल्या ऐकू आल्या. मग तू म्हणालीस, "सामान किती हाय?" माझं डोकंच फिरलं. "माय, मी काय सांगून राहिली अन् तू सामान कायले विचारून राहिली?" तर तू शांतपणे म्हणतेस, "तुही गोष्ट समजली मले. आता सामान सांग. गाडी लहान पाह्याची का मोठी?" तेव्हा मला तुझा राग आला होता, खूप आला होता. पण त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला झोप लागली, हेही खरं.

गाडी तू पाहिलीस तीही काय पाहिलीस! आपल्याकडच्या राइस मिलमधून पुण्याला तांदूळ जातो आणि ट्रक रिकामा परत येतो, हे तुला ठाऊक होतं, कारण त्याच मिलच्या अंगणात तू धान वाळवायला जायचीस. तू सरळ मिलमालकाला जाऊन विचारलंस. नागपूरच्या पलीकडे कधी न गेलेली बाई, डोक्यावरून पदर घेऊन, मांडीवर पिशवी घेऊन, तांदळाच्या ट्रकाच्या केबिनमध्ये बसून पुण्याला आली. ड्रायव्हर शेजारच्या गावचा, पिकलेल्या मिशांचा, अबोल माणूस. मला पहिल्यांदा भेटला तेव्हा हात जोडून म्हणाला, "ताई, तुमच्या मायनं मले रस्ताभर डुलकी घेऊ देल्ली नाही जी. दर पुलावर विचारे, ही कोन्ती नदी." तू म्हणालीस, "नदीचं नाव पुसलं त काय बिघडलं?" मी हसले. त्या घरात मी हसले म्हणून माझं मलाच दचकायला झालं.

सासूबाई भांडायच्या तयारीनं बसल्या होत्या. तो कामाचं निमित्त काढून घराबाहेर पडला होता, तोंड दाखवायची हिंमत नव्हती त्याची. तू स्वयंपाकघरात मांडी घालून बसलीस आणि एकेक भांडं उलटं करून पाहायला लागलीस. ज्यावर आमच्या बाबांचं नाव कोरलेलं, ते पोत्यात. ज्यावर नाही, ते परत फळीवर. मी म्हटलं, मिक्सर घेऊ, त्याचे पैसे मीच दिलेत, तर तू मानेनंच नाही म्हणालीस. अर्धं पोतं भरल्यावर तुझ्या हाताला एक डाव लागला. तू तो उजेडात धरून पाहिलास आणि उठून सासूबाईंच्या हातात दिलास. "हा तुमचा हाय जी, विहीणबाई. आमच्यात चुकून आला." भांडायला बसलेल्या त्या बाई डाव फळीवर ठेवायला उठल्या. वर तू पिशवीतून चिन्नोर तांदळाची पुरचुंडी काढून त्यांच्यापुढे ठेवलीस. मी बाहेर येऊन तुझ्यावर कडाडले, त्यांना तांदूळ कशाला? तू म्हणालीस, "पहिल्यांदा आली मी त्यायच्या घरी. रिकाम्या हातानं येऊ का?" कोणत्या मातीची होतीस गं तू! मी आजपर्यंत कितीतरी शहाणी माणसं पाहिली, पण दार कायमचं बंद करताना असं अलगद लावणारी तुझ्याखेरीज पाहिली नाही.

मग तो रस्ता. मधे तू, खिडकीशी मी, तुझ्या मांडीवर चादरीत गुंडाळलेली बुद्धाची तसबीर, कारण मागे सामानात तिची काच फुटेल. नगर गेलं, औरंगाबाद गेलं, जालना गेलं. मी तोंड फुगवून बाहेर बघत बसले होते. मला खात्री होती की आता तू विचारशील, तुझं काही चुकलं का, तू काही बोलली होतीस का त्याला. प्रत्येक वेळी तू घसा खाकरलास की मी अंग चोरायची. आणि तू काय म्हणालीस? मैलोगणती उघडं रान बघून म्हणालीस, "येवढी जमीन, अन् एक बांधी नाही! पाणी पडलं त सारं पळून जात असन." ड्रायव्हरभाऊ म्हणाले, इकडे धान नाही करत, ज्वारी करतात, कापूस करतात. तुला ते काही केल्या पटेना. धानाचं शेत म्हणजे चारी बाजूंनी बांध, आत पाणी, हीच तुझी शेताची व्याख्या. तू त्या लोकांची कीव करत राहिलीस, "कोनी सांगतलं नसन बिचाऱ्यायले." मला न राहवून हसू फुटलं. तू लगेच पिशवीतून लाखोळीचा वडा काढून माझ्या हातात दिलास, जसं काही माझ्या हसण्याचीच वाट बघत होतीस.

धाब्यावर रात्री मुक्काम झाला तिथं भात संपला होता. दुसऱ्या दिवशी दुपारीही भाकरीच. तू दोन घास खाल्लेस आणि म्हणालीस, "भाताबिगर जेवण म्हंजे नुसतं चावनं." धाबेवाल्याला ते ऐकू गेलं. तो जरा रागानंच आला, तर तू त्याला विचारलंस, चूल कुठं आहे, तांदूळ माझ्याकडे आहे. आणि त्या पुरुषांच्या गराड्यात, ट्रकवाल्यांच्या मधून वाट काढत, तू जाऊन भात टाकून आलीस. कोणी हसलं नाही की कोणी काही बोललं नाही. एका परक्या ड्रायव्हरनं तर ताट पुढे केलं आणि म्हणाला, मावशी, मले बी. तोही आपल्याच भागातला निघाला. मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटत होतं, या बाईला कशाची लाज म्हणून नाहीच का? आणि मला कशी एवढी लाज?

कारण माझ्या मनात सारखं एकच घोळत होतं, माय. गावात पाय कसा ठेवायचा. वाजतगाजत गेलेली पोरगी सामानासकट परत येते, लोक काय काय बोलतील. विहिरीवर काय, रोवणीच्या बांधीत काय. मला तुझी भीती नव्हती, त्याचीही नव्हती, मला त्या चार बायांच्या नजरेची भीती होती. तिसऱ्या दिवशी नागपूर मागे टाकलं, उमरेडला चहाला थांबलो, तेव्हा ऊन चांगलं वर होतं. मी हिशेब केला, असेच गेलो तर चार-पाचला गावात पोचू, सगळे अंगणातच असतील. मी हळूच ड्रायव्हरभाऊंना म्हटलं, जरा थांबत थांबत जाऊ, भिवापूरला विसावा घेऊ, अंधार पडला की पोचू. भला माणूस, लगेच हो म्हणाला. तू कपबशी खाली ठेवलीस. "काहून? चोरी करून आनली का आपन?" मी म्हटलं, "माय, तुले समजत नाही. लोक पाहतील." "पाहू दे नं." "माही इज्जत जाईन." तू माझ्याकडे बघितलंस. रागानं नाही. "अंधारात गेली त जाईन," तू म्हणालीस. "उजेडात कायची जाते?" आणि ड्रायव्हरभाऊंना म्हणालीस, "चला जी भाऊ, गाडी काढा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. उमरेडपासून पवनीपर्यंत मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही.

ट्रक विहारासमोरच्या चौकात थांबला, कारण आपल्या गल्लीत तो शिरतच नाही. जे नको होतं तेच. पोरंटोरं धावत आली, बाया दारात आल्या, कट्ट्यावरचे पुरुष उभे राहिले. मी खाली मान घालून उतरले आणि तडक घरात जाऊन कोपऱ्यात बसले. मला वाटलं सामान मागोमाग येईल आणि दार लागेल. सामान काही आत येईना. बाहेर डोकावले तर तू अंगणात ताडपत्री अंथरली होतीस आणि तिच्यावर एकेक वस्तू मांडून राहिली होतीस. आलमारी मधोमध, पलंग शेजारी, पाण्याचा गुंड, परात, डबे ओळीनं, तसबीर वर. लग्नाच्या दिवशी मांडवात आंदण मांडतात, सगळ्या बाया येऊन हात लावून बघतात, अगदी तसंच! मला वाटलं, या बाईला वेड लागलं. बाया आल्याही. आल्या आणि कुंपणाशी थबकल्या. लग्नात प्रत्येक भांड्याचं नाव घेऊन कौतुक करणाऱ्या बाया त्या, आता जमिनीकडे बघत होत्या.

तू मधे उभी राहिलीस, पदर खोचून. आणि खणखणीत आवाजात म्हणालीस, "जातानी साऱ्यायनं पाह्यलं, आता येतानी बी पाहा. सामान बी माहंच, पोरगी बी माहीच. काही हरवून नाही आली ते."

मग शेजारची म्हातारी काकी, जिनं मला हळद लावली होती, ती काठी टेकत पुढे आली. तिनं आलमारीचं दार उघडलं, आत बघितलं, बंद केलं. "येवढ्या दूरून आनली, आरसा नाही फुटला व?" "नाही फुटला," तू म्हणालीस. "मंग आत न्या नं, दव पडन रात्री," काकीनं पोरांना दटावलं, "पाहत काय उभे राहिले? उचला!" आणि ती म्हैस चार जणांनी उचलली. कोणी गुंड घेतला, कोणी परात. दिवेलागणीला घर भरलेलं होतं आणि तू सगळ्यांना चहा देत होतीस. त्या दिवसानंतर विहिरीवर कोणी कुजबुजलं नाही. कुजबुजायला तू काही शिल्लकच ठेवलं नव्हतंस. मी नर्सिंगला गेले, नोकरीला लागले, तू मला नर्सच्या पांढऱ्या साडीत डोळे भरून पाहिलंस आणि मग फार दिवस राहिली नाहीस. मला जे काही उभं राहता येतं ते त्या अंगणातून येतं, माय. असं कधी तोंडावर म्हटलं नाही, आता म्हणते.

गावात तुझं ते बोलणं अजून सांगतात. कोणाची पोरगी माहेरी परतली की हमखास निघतं. आजही एक जण आली होती निरोप द्यायला, ती म्हणाली, "तुही माय कशी फाडकन बोलली होती व! मनात आलं की तोंडात. भेव म्हनून नव्हतं तिले." मी म्हटलं, "हाव, तशीच होती ती."

पण त्या दिवशी पवनी ओलांडल्यावर तू गाडी थांबवायला लावली होतीस, तोंड धुवून येते म्हणून, आणि पाण्यानं भरलेल्या बोडीच्या पाळीपलीकडे गेली होतीस. बराच वेळ झाला, म्हणून रुसवा गिळून मी मागोमाग आले. तू पाण्याकडे तोंड करून उभी होतीस. "जातानी साऱ्यायनं पाह्यलं," म्हणालीस आणि अडलीस. पुन्हा म्हणालीस, "पोरगी बी माही" पर्यंत आलीस आणि तुझा आवाज फुटला. पदरानं तोंड पुसून स्वतःवरच खेकसलीस, "नीट बोल व, नीट बोल." तू पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. मी पावलं न वाजवता परत येऊन केबिनमध्ये बसले, आणि तू आलीस तेव्हा झोपेचं सोंग घेतलं. हे मी कोणालाच सांगितलं नाही. तुलाही नाही.